मेकफाइलमधल्या टॅबचा मागोवा

लिनक्सवर एखादे सॉफ्टवेअर स्वतः बांधायला बसलेल्या नवख्या माणसाला एक निरोप कधी ना कधी भेटतोच: ‘मिसिंग सेपरेटर. स्टॉप.’ ओळीचा क्रमांकही सोबत असतो. ती ओळ उघडून पाहिली तर चूक काही सापडत नाही. शब्द बरोबर आहेत, खुणा जागच्या जागी आहेत, वरच्या ओळीइतकीच तीही आत सरकलेली आहे. फरक एवढाच, की वरची ओळ टॅबने आत गेली आहे आणि ही आठ स्पेसनी. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारख्या दिसतात. ‘मेक’ नावाच्या प्रोग्रामला मात्र पहिली ओळ आज्ञा वाटते आणि दुसरीचा अर्थच लागत नाही. ही चूक ग्नू मेकच्या कर्त्यांच्या इतकी परिचयाची झाली, की अशा ओळीसाठी त्यांनी निरोपाला एक प्रश्नच जोडून ठेवला: आठ स्पेसऐवजी टॅब म्हणायचे होते का?

ही चूक माणसाच्या हातून होऊ नये म्हणून टेक्स्ट एडिटर लिहिणारी मंडळी कित्येक दशके झटत आहेत. ओळी आपोआप आत सरकवण्याची सोय, म्हणजे ऑटो-इंडेंट, मुळात वाचणाऱ्याच्या डोळ्यांसाठी जन्मली. सॉफ्टवेअर बांधायच्या सूचना ज्यात असतात त्या बिल्ड स्क्रिप्टमध्ये ती आली आणि तिच्यावर मजकुराचा अर्थ सांभाळण्याचे काम येऊन पडले. हे काम तिच्या गळ्यात कोणी आणि कसे घातले, हे शोधायला थोडे मागे जावे लागते.

टॅबची कळ टाइपरायटरवरून आली. यंत्राच्या पाठीमागे एक दातेरी पट्टी असे आणि तिच्यावर हवे तिथे अडसर लावता येत. कळ दाबली की कॅरेज सुटून पुढच्या अडसरापाशी थांबे. हिशेबाचे तक्ते, मालाच्या याद्या, पगारपत्रके यांचे रकाने एकाखाली एक यावेत म्हणून ही सोय होती. टॅब्युलेटर हे नावही तक्त्यावरूनच पडले. मुंबईच्या गोदरेजने १९५५ पासून टाइपरायटर बनवले आणि महाराष्ट्रातल्या टायपिंग इन्स्टिट्यूटमधून शिकलेल्या पिढ्यांना परीक्षेतले ‘स्टेटमेंट’ चांगले आठवत असेल: आधी रकाने मोजायचे, मग टॅब सेट करायचे, मग टाइप करायला घ्यायचे. या सगळ्यात एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. कागदावर टॅबचा माग राहत नसे. कॅरेज अडसरामुळे तिथे पोचली की स्पेसबार दहादा दाबून, हे कागदाला कळत नव्हते आणि कळायची गरजही नव्हती. उरत होती ती फक्त कोरी जागा.

संगणकाने ही स्थिती बदलली. १९६३ साली ठरलेल्या ॲस्की संकेतावलीत टॅबला स्वतःचा क्रमांक मिळाला, नववा. स्पेसचा क्रमांक बत्तीस. म्हणजे आता उडी कुठवर गेली एवढेच नव्हे, तर उडी कशाने मारली हेही फाइलमध्ये नोंदले जाऊ लागले. पुढचा सगळा गोंधळ या नोंदीतून निघाला आहे. एकाच कोऱ्या जागेला दोन वेगळी मूळ रूपे असू शकतात, हे टाइपरायटरच्या जगात संभवतच नव्हते.

आपोआप आत सरकण्याची कल्पना मात्र पडद्याच्याही आधीची आहे. आयबीएमच्या ऐंशी रकान्यांच्या पंच कार्डावर १९५७ च्या फोरट्रानने जागा वाटून दिल्या होत्या: पहिले पाच रकाने ओळीच्या क्रमांकासाठी, सहावा मागची ओळ पुढे चालू आहे हे सांगण्यासाठी, आणि सात ते बहात्तर प्रत्यक्ष विधानासाठी. दर कार्डाला सहा वेळा स्पेस दाबणे कंटाळवाणे, म्हणून १९४९ मध्ये आलेल्या आयबीएम ०२६ या पंचिंग यंत्रातली जुनीच सोय कामाला आली. त्यात एक लहानसा ड्रम असे. त्याच्याभोवती एक भोके पाडलेले कार्ड गुंडाळायचे आणि कुठले रकाने आपोआप ओलांडायचे हे त्या कार्डाने यंत्राला सांगायचे. ऑटो-इंडेंटचा पूर्वज म्हणून मी या ड्रमकडे बोट दाखवीन. त्याची एक बाजू आजच्यापेक्षा उजवी होती: कार्डावर रकान्यांचे आकडे छापलेले असत. जागेला अर्थ होता, पण ती जागा डोळ्यांना दिसत होती.

अल्गोल ६० ने प्रोग्रामला ‘बिगिन’ आणि ‘एंड’ यांच्या कुशीत बसणारे खंड दिले. मग आतला खंड आत सरकवून लिहिणे ओघानेच आले, पण ते माणसासाठी. कम्पायलरला त्याच्याशी कर्तव्य नव्हते. पीटर लँडिन यांनी १९६६ च्या एका लेखात वेगळीच शक्यता मांडली: ओळ किती आत आहे यावरूनच खंडाची हद्द ठरवायची. फुटबॉलमधून नाव घेऊन त्यांनी याला ऑफसाइड नियम म्हटले. पुढे ॲमस्टरडॅममध्ये जन्मलेल्या एबीसी भाषेने आणि १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पायथनने हीच वाट धरली. इकडे एमआयटीत लिस्पवाले कंसांच्या जंगलात हरवत होते. तिथे १९६७ च्या सुमारास बिल गॉस्पर यांनी लिस्पचा मजकूर नीट मांडून देणारा प्रोग्राम लिहिला. संगणकाने माणसासाठी समास आखून देण्याच्या सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी तो एक.

यानंतर १९७६ हे वर्ष येते आणि मागोव्याचे तीन धागे तिथे एकमेकांजवळ येतात. एमआयटीत रिचर्ड स्टॉलमन आणि गाय स्टील यांच्या हातून ईमॅक्स आकाराला आला. त्याच्या परंपरेत टॅबच्या कळेला नवाच अर्थ मिळाला: कळ दाबली की अक्षर उमटत नाही, कर्सर असलेली ओळ तिच्या योग्य जागी जाऊन बसते. याच सुमारास बर्कलीत बिल जॉय यांनी एक्स आणि व्हीआय या एडिटरांवर काम सुरू केले. व्हीआयचा ऑटो-इंडेंट साधा होता. नवी ओळ सुरू केली की ती आधीच्या ओळीइतकीच आत सुरू व्हायची, आणि बाहेर यायचे तर कंट्रोल-डी दाबायचे. भाषा कुठली आहे, खंड संपला का, याचा विचार नाही. मात्र समास भरताना तो काटकसर करी: जितके टॅब बसतील तितके टॅब, उरलेल्या जागेत स्पेस. चार-चार घरे आत जाणारा मजकूर असेल तर पहिल्या पातळीवर चार स्पेस आणि दुसऱ्या पातळीवर एक टॅब. डोळ्यांना हे सारे एकसंध दिसे आणि सी भाषेचे त्याने काही बिघडत नव्हते.

तिसरा धागा न्यू जर्सीतल्या मरे हिलचा, बेल लॅब्जचा. याक या प्रोग्रामचे कर्ते स्टीव्ह जॉन्सन एके दिवशी सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत तणतणत आले. त्यांची अख्खी सकाळ एका चुकीमागे वाया गेली होती, आणि ती चूक त्यांनी आधीच दुरुस्त केलेली होती! दुरुस्त केलेली फाइल पुन्हा कम्पाइल करायची राहिली होती, म्हणून जुनाच प्रोग्राम चालत होता. फेल्डमन स्वतः आदल्या संध्याकाळी अशाच त्रासातून गेले होते. दोघांच्या बोलण्यातून कल्पना निघाली आणि त्या शनिवार-रविवारात मेक तयार झाला.

मेकचे तत्त्व कुठल्याही स्वयंपाकघरात समजेल असे आहे. पुरण शिजवून, वाटून ठेवलेले आहे आणि कणीक तेवढी पुन्हा भिजवली, तर पोळ्या नव्याने लाटायच्या. डाळ पुन्हा शिजत घालायची नाही. कुठली फाइल कुठल्या फाइलींवर अवलंबून आहे हे एका साध्या मजकुरात लिहायचे. मेक त्यांच्या तारखा-वेळा पाहतो आणि जे जुने झाले तेवढेच पुन्हा करतो. त्या मजकुराची फाइल म्हणजे मेकफाइल. तिच्यात दोन प्रकारच्या ओळी येतात: काय कशावर अवलंबून आहे हे सांगणारी, आणि तिच्याखाली ते कसे बनवायचे हे सांगणारी आज्ञा. दुसरी ओळ पहिलीपासून वेगळी ओळखायची कशी? फेल्डमन यांनी ठरवले, ओळीच्या पहिल्याच घरात टॅब असेल तर ती आज्ञा.

हे असे का ठरले, ते त्यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले आहे. त्या वेळी याक नवा होता आणि मजकुराचे शब्द पाडणारा लेक्स तर अगदीच ताजा. माइक लेस्क यांच्यासोबत तो लिहिणारे एरिक श्मिट पुढे गूगलचे प्रमुख झाले. दोन्ही साधने शिकून घ्यावीत म्हणून फेल्डमन यांनी ती मेकसाठी वापरायला घेतली. लेक्सच्या पहिल्या प्रयत्नात ते गुंतून पडले, तेव्हा त्यांनी सोपी युक्ती केली: नवी ओळ आणि लगेच टॅब दिसला की समजायचे, ही आज्ञा. ते चालले, म्हणून तसेच ठेवले. काही आठवड्यांत डझनभर लोक मेक वापरू लागले. बहुतेक त्यांचे मित्रच. आता नियम बदलला तर यांच्या फाइली मोडतील, या विचाराने त्यांनी बदल केला नाही.

मला या प्रसंगात फेल्डमन यांना दोष द्यावासा वाटत नाही. डझनभर मित्रांची गैरसोय टाळणारा माणूस भला असतो, आणि तेव्हाच्या यंत्रांवर समासासाठी टॅब वापरणे हीच रीत होती. स्पेसनी आत सरकवलेली ओळ त्या खोल्यांमध्ये अपवादानेच कोणी लिहीत असेल. तरीही निर्णय चुकीचा होता. ज्या खुणेवर प्रोग्रामचे चालणे-बंद पडणे ठरते, ती डोळ्यांना दिसली पाहिजे. फोरट्रानच्या कार्डावर ती निदान छापलेल्या आकड्यांनी दिसत होती. बारा वापरकर्ते असताना ही चूक एका दुपारी सुधारता आली असती. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्ससोबत मेक जगभर गेला, नंतर तो पॉझिक्स प्रमाणात आला आणि टॅबचा नियमही त्याच्यासोबत प्रमाण झाला. २००३ मध्ये एसीएमने मेकसाठी फेल्डमन यांना सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार दिला. तो सर्वस्वी योग्यच होता, कारण मेकची मूळ कल्पना आजही बांधणीच्या बहुतेक साधनांच्या पोटात आहे.

आता एडिटरांचा प्रश्न. प्रोग्रामरांमध्ये टॅब की स्पेस हा वाद जुना आणि कडवा आहे. ल्युसिड ईमॅक्सवर काम केलेले आणि नेटस्केपच्या सुरुवातीच्या मंडळींपैकी असलेले जेमी झविन्स्की यांनी २००० साली या वादाची चांगली फोड केली. लोक तीन वेगळे प्रश्न एकत्र कालवतात, असे त्यांचे म्हणणे. फाइलमधले टॅबचे अक्षर पडद्यावर किती घरे रुंद दिसावे? टॅबची कळ दाबल्यावर काय घडावे? आणि नवा खंड सुरू झाला की मजकूर किती घरे आत जावा? हे तीन प्रश्न सुटे केले की बराचसा वाद विरतो. एखाद्याला चार घरांचा टॅब आवडतो, दुसऱ्याला आठ. तिसऱ्याचा एडिटर कळ दाबताच स्पेस भरतो. ज्याची त्याची आवड. समास भरण्यासाठी फाइलमध्ये कुठले अक्षर लिहावे, या प्रश्नाला मेकफाइलमध्ये मात्र एकच उत्तर आहे आणि ते आवडीवर सोडलेले नाही.

म्हणून जो एडिटर सगळ्या भाषांना एकाच मापाने वागवतो तो मेकफाइल बिघडवतो. पायथन लिहिणाऱ्यांनी चार स्पेसची शिस्त पाळली आणि आपल्या एडिटरला टॅबऐवजी स्पेस भरायला सांगून ठेवले, तेही शहाणपणानेच. पण तीच सेटिंग मेकफाइलला लागली की पहिल्याच नव्या ओळीला घात होतो. दुसरी वाट नकलेची. वेब पानावरून किंवा वर्ड फाइलमधून उचललेल्या मजकुरातला टॅब वाटेत स्पेस होऊन बसतो. आपल्याकडे प्रॅक्टिकलच्या जर्नलमधून, पीडीएफमधून मेकफाइल उतरवून घेणाऱ्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला हे येते, आणि आपलेच काही चुकले असे समजून ती मुले शब्द न् शब्द पुन्हा तपासत बसतात.

ईमॅक्सने यावर जो उपाय केला तो मला फार आवडतो. मेकफाइल उघडली की तिथे समासासाठी खरे टॅब वापरायचे, हे तो स्वतःच ठरवतो. एवढ्यावर न थांबता, फाइल जतन करताना तो संशयास्पद समासाच्या ओळी हुडकतो आणि विचारतो, ही ओळ संशयास्पद आहे, तरी जतन करू का? डोळ्यांना जे दिसणार नाही ते योग्य क्षणी शब्दांत सांगणे, हे एडिटरचे कर्तव्य इथे नेमके पार पडले आहे. ब्राम मोलेनार यांच्या विम एडिटरनेही मेकफाइलपुरता अपवाद केला: तुमची एरवीची सेटिंग काहीही असो, इथे टॅबचे स्पेस होणार नाहीत. २००१ च्या विम ६.० पासून प्रत्येक प्रकारच्या फाइलसाठी समास मोजण्याचे वेगळे सूत्र लिहिता येऊ लागले आणि मेकसाठीही तसे सूत्र आले.

हे सूत्र लिहिणे किती अवघड आहे याची कल्पना बाहेरच्या माणसाला येत नाही. सीमेक या बांधणीच्या दुसऱ्या साधनाची स्क्रिप्ट घेतली तर काम सोपे असते. मागच्या ओळीत ‘इफ’, ‘फोरईच’ किंवा ‘फंक्शन’ आले किंवा कंस उघडा राहिला, तर आत जा. हातातली ओळ ‘एंडइफ’ किंवा ‘एल्स’ असेल तर बाहेर ये. समासाला अर्थ नाही, खंडाची हद्द शब्दच सांगतात, आणि एडिटर चुकला तरी बांधणी चालूच राहते. मेकफाइलमध्ये उलटे आहे. अवलंबनाची ओळ संपली की पुढे आज्ञा येणार, म्हणून टॅब द्यावा हे ठीक. पण आज्ञेनंतर काय? आणखी एक आज्ञा असेल किंवा नवे अवलंबन सुरू होईल. आज्ञा संपल्याची खूण भाषेत नाहीच. ती लिहिणाऱ्याच्या मनात आहे. एडिटरला अंदाजच करावा लागतो.

त्यात ग्नू मेकच्या अटी. ‘इफ-ईक्यू’सारख्या अटीच्या ओळीपुढे हव्या तितक्या स्पेस दिलेल्या चालतात, टॅब मात्र चालत नाही, कारण टॅब दिसला की ती ओळ आज्ञा समजून शेलकडे पाठवली जाऊ शकते. म्हणजे एकाच फाइलमध्ये एका प्रकारच्या ओळीला टॅबच हवा, स्पेस चालणार नाही. आणि दुसऱ्या प्रकारच्या ओळीला स्पेस चालतील, टॅब चालणार नाही. अटीच्या आत अट, तिच्यात अवलंबन, त्याखाली आज्ञा, आणि उलटी तिरपी रेघ देऊन पुढच्या ओळीवर गेलेली लांब यादी, एवढे सगळे एका पानावर आले की कुठलाही ऑटो-इंडेंट घाम गाळतो. सगळी फाइल निवडून ‘पुन्हा समास लाव’ ही आज्ञा सी भाषेत बिनधास्त देता येते. मेकफाइलमध्ये ती देण्यापूर्वी जुनी प्रत ठेवावी, असे मी ठामपणे सांगेन.

टॅबपासून सुटका करून घेण्याचे प्रयत्न अनेकांनी केले. जावाच्या जगात जेम्स डंकन डेव्हिडसन यांनी अँट लिहिला. टॅबच्या आधी चुकून आलेली एखादी स्पेस आपल्या आज्ञा अडवते आहे का, हा प्रश्न स्वतःला कितीदा तरी विचारावा लागल्याचे कारण अँटच्या पुस्तिकेतच नोंदलेले आहे. उपाय म्हणून त्यांनी एक्सएमएल निवडले. टॅबचा त्रास गेला, पण फाइली इतक्या फुगल्या की वाचवेनात. २००० साली किटवेअरमध्ये सुरू झालेल्या सीमेकने शब्दांनी बंद होणारे खंड घेतले. मेकफाइल तो स्वतःच लिहून देतो, त्यामुळे टॅब चुकायचा प्रश्न माणसाकडे येत नाही. क्रोमियमच्या बांधणीसाठी इव्हान मार्टिन यांनी लिहिलेला निंजा तर दुसऱ्या टोकाला गेला. त्याच्या फाइलमध्ये टॅबने ओळ सुरू केली की तो सरळ सांगतो, टॅब चालणार नाहीत, स्पेस वापरा. यामलमध्येही समासासाठी टॅब निषिद्ध आहे. एका पिढीने जे सक्तीचे केले ते पुढच्या पिढीने बंद केले, आणि दोन्ही पिढ्यांच्या फाइली आज एकाच प्रकल्पाच्या एकाच फोल्डरमध्ये शेजारी-शेजारी असतात. शिवाय लिनक्स कर्नलच्या के-कॉन्फिग फाइलींची रीत आणखी वेगळी: नोंदीच्या ओळी एक टॅब आत, आणि तिच्या मदतीचा मजकूर त्याहून दोन स्पेस आत.

मेकमध्येही सुटकेची वाट आहे. आज्ञा अर्धविरामानंतर अवलंबनाच्याच ओळीवर लिहिता येते. २०१० च्या ग्नू मेक ३.८२ पासून तर टॅबऐवजी दुसरे कुठलेही अक्षर आज्ञेची खूण म्हणून नेमता येते. चौतीस वर्षांनी मिळालेली ही मुभा फार थोडे लोक वापरतात. नव्या खुणेची मेकफाइल शेजारच्या माणसाला ओळखू येत नाही, आणि ग्नूखेरीजच्या मेकवर ती चालतही नाही.

गूगलच्या बेझल या बांधणीच्या साधनाने निराळी दिशा घेतली. तिथल्या बिल्ड फाइलींसाठी बिल्डिफायर नावाचे साधन आहे. माणसाने हवे तसे लिहावे, साधन ते एकाच ठरलेल्या मांडणीत आणून ठेवते. गो भाषेच्या गोएफएमटीचा बाणाही हाच, आणि गंमत अशी की गोची ठरलेली मांडणी टॅबचीच आहे. पूर्ण मजकूर समजून घेणारे एडिटरही आता आले आहेत. २०२३ च्या ईमॅक्स २९ मध्ये ट्री-सिटरवर चालणारी सीमेकची सोय आहे, जी ओळींच्या अंदाजावर न विसंबता मजकुराचे व्याकरणच लावते. मेकफाइलसाठी मात्र त्या आवृत्तीतही जुनीच पद्धत कामाला आहे.

एडिटर एकच असता तर प्रश्न तिथेच सुटला असता. पण एका प्रकल्पावर काम करणाऱ्या माणसांच्या हातात वेगवेगळे एडिटर असतात. त्यासाठी एडिटरकॉन्फिग ही साधी तडजोड निघाली: प्रकल्पाच्या मुळाशी एक छोटी फाइल ठेवायची, कुठल्या प्रकारच्या फाइलला कुठला समास हे तिच्यात लिहायचे, आणि प्रत्येक एडिटरने ती वाचून वागायचे. तिच्या अधिकृत नमुन्यात मेकफाइलसाठी वेगळी नोंद आहे आणि त्या नोंदीत एकच सूचना आहे, समास टॅबने द्या. तुमच्या प्रकल्पात ही फाइल नसेल तर आज ठेवा. विद्यार्थ्यांना मेकफाइल शिकवत असाल तर न दिसणारी अक्षरे दाखवणारी एडिटरमधली सोय पहिल्याच तासाला चालू करून द्या, आणि मजकूर पीडीएफमधून देण्याऐवजी मूळ फाइलच द्या.